कोर्टातला दुभाषी: फोनवरचा की शेजारी बसणारा?

अमेरिकेत आईवडिलांना कोर्टाची तारीख लागली आणि इंग्रजी जेमतेम असलं, की मराठी दुभाषी मागता येतो हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. न्यू जर्सी, न्यू यॉर्कसारख्या राज्यांत त्याचे पैसेही कोर्टच भरतं. इंग्रजी कमी येणाऱ्यांना भाषेची मदत द्या असं सांगणारा २००० सालचा अध्यक्षीय आदेश मार्च २०२५मध्ये मागे घेतला गेला खरा, पण ज्याच्या आधारावर तो निघाला होता तो १९६४चा नागरी हक्क कायदा जागेवर आहे. तेव्हा मागायला संकोच नको. अडतं ते पुढे. फोनवर लगेच मिळतो तो घ्यायचा, की प्रत्यक्ष येणाऱ्यासाठी तारीख लांबू द्यायची?

आईच्या अपघाताच्या दाव्यात आम्ही दोन्ही पाहिले.

फोनला उगाच नावं ठेवणार नाही. मराठी दुभाषी मुळात कमी, त्यामुळे दुसऱ्या राज्यातला माणूस चालला तर काम खोळंबत नाही. आमच्या फोनवरच्या गृहस्थांची भाषाही चोख होती. ट्रॅफिकचा दंड किंवा तारीख बदलून घेणं, एवढ्यासाठी फोन पुरे.

माझ्या डोक्यात गेलं ते वेगळंच. आईला प्रश्न विचारला की तो मराठीत यायचा, तिचं उत्तर इंग्रजीत जायचं. पण न्यायाधीश आणि वकील आपसात बोलायला लागले की स्पीकर गप्प. बहुधा फोनवरच्या गृहस्थांना तिकडे धड ऐकूच येत नसावं. खटला आईचा, आणि ती मागे वळून मला खुणेनं विचारतेय, काय चाललंय? नातेवाइकानं भाषांतर करायचं नाही म्हणून (नियम योग्यच आहे) मी गप्प. वकिलाला हळूच काही सांगावं, तर तेही स्पीकरवरून सगळ्यांना ऐकू जाणार.

पुढच्या वेळी दुभाषी बाई प्रत्यक्ष आईच्या शेजारी बसल्या आणि समोर जे जे बोललं जाईल ते कानाशी अखंड सांगत राहिल्या. पलीकडच्या वकिलानं डॉक्टरकडे गेल्याची तारीख चुकीची सांगितली, तशी आईनं तिथल्या तिथे आपल्या वकिलाची बाही ओढली आणि पिशवीतून फाइल काढली.

प्रत्येकाचं प्रकरण वेगळं असतं, पण साक्ष द्यायची असेल तर मी तरी थांबेन. ‘हिंदी चालेल का?’ असं विचारतील. म्हाताऱ्या माणसाला साक्षीत हिंदीशी झगडायला लावू नका.

आणि फोनच वाट्याला आला, तर आपसातलं बोलणंही थांबून थांबून भाषांतरित व्हावं, अशी विनंती वकिलाला सुरुवातीलाच करायला सांगा.