डेमिटास कप-बश्या जमवायच्या, तर सुरुवात कुठून? माइसेन, इंग्लिश बोन चायना, लिमोज की जपानी

डेमिटास म्हणजे जेवणानंतरच्या कडक, काळ्या कॉफीचा छोटा कप, जेमतेम 60 ते 90 मिलिलिटरचा. मोठ्या टी-सेटवरची सगळी कारागिरी इथे मुठीत मावते आणि एका काचेच्या कपाटात बऱ्याच जोड्या बसतात, म्हणून संग्राहकांचा यावर जीव. जुन्या मालात चार घराणी सारखी समोर येतात: माइसेन, इंग्लिश बोन चायना, फ्रान्सचं लिमोज आणि जपानी. देखणेपणावर निवड करायला बसलात तर चौघांच्याही बाजूने बोलता येईल. नवख्या माणसाने आधी एवढंच पाहावं, की कप उलटा केल्यावर तो स्वतःबद्दल किती सांगतो, आणि त्यातलं किती तपासून घेता येतं.

माइसेन की इंग्लिश?

खरा मुकाबला या दोघांतच आहे. जर्मनीतल्या माइसेनचा कारखाना 1710 चा. युरोपात अस्सल, कठीण पोर्सेलिन पहिल्यांदा तिथे बनू लागलं. केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, असलेलं मिश्रण आणि झिलई खूप वरच्या तापमानाला एकत्र भाजतात, त्यामुळे दोन्ही एकजीव होतात. कप उजेडासमोर धरला की पांढरा रंग थंड, किंचित निळसर-करडा वाटतो. झिलईवरची रंगीत नक्षी पृष्ठभागावरच बसते. बोट फिरवलं की फुलाची पाकळी हाताला लागते.

बोन चायना ही इंग्लंडची देणगी. अठराव्या शतकाच्या अखेरीला स्पोड घराण्याने तिचं सूत्र पक्कं केलं: साधारण निम्मी हाडांची राख, उरलेल्यात चिनी माती आणि कॉर्नवॉलचा दगड. ही माती उजेडात उबदार, दुधाळ दिसते. झिलई तुलनेने मऊ असल्याने रंग तिच्यात थोडे मुरतात आणि चित्र मवाळ दिसतं. फळं, गुलाब, धुक्यातले देखावे रंगवायला मला हीच जमीन जास्त आवडते. माइसेनची फुलं कोरल्यासारखी ठसठशीत असतात, तीही ज्याला आवडतात त्याला फार आवडतात.

आता कप उलटे करू. माइसेनच्या तळाशी झिलईखाली निळ्या रंगात दोन तलवारींची फुली असते. हे चिन्ह 1720 च्या दशकापासून चालत आलं आहे आणि तितक्याच हौसेने त्याची नक्कल होत आली आहे. तलवारींमधला ठिपका, खालचा तारा अशा बारकाव्यांवरून काळ ओळखतात. मुठींजवळचा ठिपका 1763 ते 1774 चा, तारा त्यानंतर 1814 पर्यंतचा. पण तारा काढणं नक्कल करणाऱ्यालाही जमतंच. तलवारींवर आडवी घासलेली रेघ दिसली तर थबका: असा माल सदोष म्हणून किंवा कोरा पांढरा विकला गेलेला असतो आणि वरचं रंगकाम बाहेरच्या हातचं असू शकतं. विक्रेता हे आपणहून सांगेलच असं नाही.

ड्रेस्डेन हा तर वेगळाच गुंता. शेजारच्या त्या शहरात रंगकामाच्या अनेक शाळा होत्या. त्या कोरे कप विकत घेऊन माइसेनच्या धाटणीत रंगवत. 1883 मध्ये तिथल्या चार चित्रशाळांनी मिळून निळ्या मुकुटाचा शिक्का नोंदवला. काम पुष्कळदा सुरेख असतं. फक्त ते ड्रेस्डेन म्हणून घ्या, माइसेनच्या भावाने घेऊ नका.

इंग्लिश कप याबाबतीत सरळमार्गी. रॉयल वूस्टरने 1892 पासून शिक्क्याभोवती दरवर्षी एक ठिपका वाढवत नेला. 1915 च्या कपावर ते 24 झाले. भिंग घ्या, ठिपके मोजा, साल हातात. डर्बीच्या कारखान्यातही 1880 पासून दरवर्षीचं वेगळं चिन्ह आहे. शिवाय नक्षीला क्रमांक असतो: निळा-लाल-सोनेरी इमारी थाट (जपानी धर्तीची नक्षी) हवा असेल तर रॉयल क्राउन डर्बीचा 2451 शोधायचा, की फुटलेल्या बशीला जोड मिळवणंही आटोक्यात येतं. त्यामुळे माझा कौल स्वच्छ आहे: पहिली काही खरेदी इंग्लिश बोन चायनाची करा, हात आणि डोळा तयार होऊ द्या, मग माइसेनकडे वळा.

लिमोज

हे एका कारखान्याचं नाव नाही, हे आधी पक्कं करा. 1768 च्या सुमारास लिमोजजवळ केओलिन सापडली आणि पुढे तिथे कारखान्यांची रांग लागली. लिमोजच्या कपांवर अनेकदा दोन शिक्के असतात: झिलईखालचा हिरवा शिक्का कप घडवणाऱ्याचा, वरचा रंगवणाऱ्याचा. खालचा एकटाच असेल तर कप कोरा विकला गेला असण्याची दाट शक्यता. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घरबसल्या चिनी मातीवर चित्रं काढण्याची लाटच आली होती आणि त्यासाठी असे कोरे कप ढिगाने गेले. त्यात अप्रतिमही आहे आणि अगदी शाळकरीही. सोनेरी किनार, फिकट फुलं आणि नाजूक कान आवडत असतील, नाव मिरवायची घाई नसेल, तर लिमोजसारखा समाधान देणारा माल नाही.

जपानी

याचं वय अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे कळतं. 1891 पासून मालावर देशाचं नाव लिहिणं सक्तीचं झालं, म्हणून 1921 पर्यंत ‘निप्पॉन’ (जपानचं जपानी नाव) आणि त्यानंतर ‘जपान’. ‘ऑक्युपाइड जपान’ (व्याप्त जपान) असेल तर तो कप दुसऱ्या महायुद्धानंतरचा, 1952 पर्यंतचा. अंड्याच्या कवचाइतके पातळ कप पाहून भुरळ पडते, पण नकली निप्पॉन शिक्केही फिरतात. तेव्हा शिक्क्याआधी काम पाहा: भिंगातून छापील ठिपक्यांची जाळी दिसते की कुंचल्याचे फटकारे?

सुटी जोडी की पूर्ण संच

मखमली अस्तराच्या पेटीतले सहा कप, सोबत कॉफीच्या बीसारख्या टोकाचे चांदीचे चमचे, असे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे इंग्लिश संच अजून मिळतात. पेटीत राहिल्याने सोनं सहसा घासलेलं नसतं. मात्र सहाही कप उलटून सालाची चिन्हं ताडून पाहा. पाच एका सालचे आणि एक चार वर्षांनी धाकटा असेल तर तो नंतर भरती केलेला आहे. सुट्या जोडीत हीच शंका बशीबद्दल घ्यायची. कपाची बुडकडी बशीच्या खळग्यात नीट बसते का, दोन्हींचा पांढरा आणि सोनेरी रंग एकच आहे का, ते बघा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सरळ दंडगोल इंग्लिश कॉफी-कपांना मात्र या चाचणीतून सूट द्या. तेव्हाच्या संचात चहाचा आणि कॉफीचा कप मिळून एकच बशी असे, त्यामुळे बशीविना मिळालेला असा कप अपुरा समजायचं कारण नाही.

टवका दिसतो, हेअरलाइन चीर लपते. नखाने हलकेच टिचकी मारा: धड कप खणखणतो, तडकलेला बद्द वाजतो. कानाच्या सांध्यावर अतिनील दिवा धरला तर दुरुस्तीचा रंग बहुधा वेगळा चमकतो. माइसेन घेताना तर हा दिवा खिशात हवाच, कारण तिथे तुटका कान बेमालूम जोडून देणारे हातही तितकेच कसबी असतात.