व्हरेनिक्लिन: पेजेवर एक, रात्रीच्या जेवणावर एक

सिगारेट सोडवणाऱ्या औषधांत चिठ्ठीवर मिळणारी सगळ्यात दमदार गोळी व्हरेनिक्लिन, याबद्दल जाणकारांत फारसा वाद नाही. तरीही 'नुसतं मळमळतं, गुण काही नाही' म्हणत तिसऱ्या आठवड्यात पट्टी फ्रिजवर टाकून देणारे पुष्कळ. आमच्याकडून गोळीला चांगले गुण. ती ज्या पद्धतीने घेतली जाते त्या पद्धतीला मात्र नापासाचा शेरा. म्हणून पुढचं लिखाण गोळीपेक्षा पद्धतीबद्दल जास्त आहे.

झुरका घेतला की निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, तिथल्या ठरावीक जागांवर बसतं, डोपामिन सुटतं आणि बरं वाटतं. व्हरेनिक्लिन नेमकी त्याच जागांवर जाऊन बसते. ती त्या जागा अर्धवटच चालू करते, त्यामुळे तलफ सोसवेल इतकी राहते. आणि जागा अडवून बसल्यामुळे वरून सिगारेट ओढली तरी निकोटिनाला बसायला पाट मिळत नाही. आठ-दहा दिवसांत सिगारेट पचपचीत लागायला लागते ती यामुळे. पहिल्या आठवड्यात सिगारेट चालू ठेवायची मुभा असते तीही याचसाठी. ती डॉक्टरांची ढिलाई नव्हे. रक्तात औषध स्थिर व्हायला चारेक दिवस लागतात. पहिल्या गोळीबरोबरच पाकीट समुद्रात भिरकावणारा शूर गडी तिसऱ्या दिवशी नाक्यावरच्या गाड्यासमोर उभा असतो आणि दोष गोळीला देतो.

नेहमीचं प्रमाण असं: पहिले ३ दिवस अर्ध्या मिलिग्रॅमची रोज एक. दिवस ४ ते ७, अर्ध्या मिलिग्रॅमचीच, पण सकाळ-रात्र. आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅमची सकाळ-रात्र, थेट १२ आठवडे भरेपर्यंत. शेवटची सिगारेट दिवस ८ ते १४ च्या दरम्यान. हिशोब केला तर अर्ध्या मिलिग्रॅमच्या ११ आणि एक मिलिग्रॅमच्या १५४, एकूण १६५ गोळ्या. 'सुरुवातीचा पॅक' म्हणून जो येतो त्यात पहिल्या दोन आठवड्यांपुरत्या ११ आणि १४ गोळ्या असतात. फार्मसीत चिठ्ठी देतानाच पूर्ण आकडा सांगावा. ही काही तापाच्या गोळीसारखी रोज खपणारी वस्तू नाही. गोव्यात वाळपई किंवा पेडण्यासारख्या लहान गावी ती मागवून घ्यावी लागू शकते. शनिवारी रात्री पट्टी संपली, रविवारी फार्मसी बंद, सोमवारी 'उद्या येतली' असं उत्तर, की मंगळवारपर्यंत दोन पाकिटं रिकामी. पुढची पट्टी हातात असल्याशिवाय चालू पट्टीतल्या शेवटच्या आठ गोळ्यांना हात लावू नये, एवढा नियम पुरे. किंमतही पट्टीची न विचारता १६५ गोळ्यांची विचारावी आणि १२ आठवड्यांच्या सिगारेटींच्या खर्चाशेजारी मांडून बघावी.

आता मळमळ. चाचण्यांत पूर्ण मात्रा घेणाऱ्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांना ती झाली. औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांत १० टक्क्यांना. मळमळीपायी औषध कायमचं सोडणारे मात्र चाचण्यांत ३ टक्क्यांच्या आसपासच होते. म्हणजे बहुतेकांची सोसवण्यासारखी असते, काही आठवड्यांत उतरतेही. ती वाढते कशाने? उपाशीपोटी गोळी घेतल्याने. आणि आपल्याकडे गोंधळ होतो तो सकाळच्या चहापाशी. सातला कपभर चहा, सोबत अर्धा पाव बुडवून, याला पोट 'भरलं' म्हणत नाहीत. त्या चहावर गोळी घेतली की साडेसातला बसमध्ये पोटात ढवळतं, तोंडाला पाणी सुटतं. गोळी चहावर न घेता दहाच्या पेजेवर घ्यावी. उकड्या तांदळाची वाडगाभर पेज, वर लोणचं, त्यावर मोठा पेला भरून पाणी, आणि मग गोळी अख्खी गिळायची. कामावर पेज मिळत नसेल तर भाजी आणि दोन पाव पोटभर खाऊन घ्यावी. पाणीही घोटभर नको, पेलाभरच. दुसरी गोळी रात्री आठच्या जेवणावर. मधे दहा तास जातात, ते योग्यच. निदान आठ तास तरी जायला हवेत. गोळी घेऊन लगेच आडवं होऊ नये.

दुसरी गोळी झोपताना घ्यायची सवय लागली तर स्वप्नं पडतात. विचित्र, लख्ख रंगीत, सकाळी उठल्यावरही आठवणारी. घातक नाहीत, पण झोप मोडते. गोळी संध्याकाळकडे सरकवली की बऱ्याच जणांचं भागतं. झोप न येण्याचं आणखी एक कारण कोणी सांगत नाही: सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिन भराभर जाळत असतं. धूर बंद झाला की तेवढाच चहा-कॉफी अंगात जास्त वेळ टिकते. पाच कपांवरून दोन-तीनवर यावं, तेही दुपारी चारच्या आत. बद्धकोष्ठता, पोटात वारा, डोकेदुखी याही नेहमीच्या तक्रारी आहेत. पण चिडचिड, खा-खा, लक्ष न लागणं यांचं माप गोळीच्या पदरात घालू नये. ते निकोटीन तुटल्याचं लक्षण, गोळी न घेता सोडणाऱ्यालाही होतं. इतकं करूनही मळमळ सुटत नसेल तर डॉक्टर मात्रा अर्ध्या मिलिग्रॅमवर दोनदा अशी आणतात. आपल्या मनाने एक दिवसाआड घेण्यात काही अर्थ नाही. एखादी चुकली तर आठवल्यावर घ्यावी, पुढचीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावी. दोन एकदम कधीच नाही.

दारूबद्दल स्पष्ट लिहावं लागतं, कारण गोव्यात तो प्रश्न डॉक्टर विचारायचा विसरतात आणि रोगी सांगायचं. या गोळीवर काही जणांची दारू सोसण्याची ताकद घटते. नेहमीच्या मापात जास्त चढणं, भांडकुदळपणा, सकाळी रात्रीचं काहीच न आठवणं, असे प्रकार नोंदले गेले आणि २०१५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तशी ताकीद दिली. म्हणून गोळी आपल्याला कशी मानवते हे कळेपर्यंत मद्य टाळावं किंवा अगदी कमी घ्यावं. पहिले काही दिवस घेरी किंवा गुंगी येते का ते बघूनच स्कूटर काढावी. एप्रिल-मे म्हणजे हुर्राकाचा, काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, हंगाम. त्यात कोर्स सुरू करणं म्हणजे मुद्दाम अवघड घाट चढणं. शिवाय सुटलेली सिगारेट परत हातात येते ती बहुतेक वेळा ग्लासासोबतच.

दिवस निवडायचाच असेल तर श्रावणाच्या पाडव्याला पहिली गोळी घ्यावी, असं आमचं मत. धर्माचा मुद्दा नाही, सोय बघा. गोव्यातल्या पुष्कळ हिंदू घरांत त्या महिन्यात मासळी-मद्य तसंही बंद असतं, संध्याकाळची बैठक आपोआप मोडते. आठवा दिवस अष्टमीच्या सुमारास येतो आणि सुतांपुनवेच्या (नारळी पौर्णिमेच्या) आत शेवटची सिगारेट विझवायला बरोबर आठवडाभर मिळतो. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येते पाचव्या आठवड्यात. हा पहिला खरा कस: घर पाहुण्यांनी भरलेलं, आरत्या-भजनं, रात्रीची जागरणं, मागच्या अंगणात विडी पेटवून उभे असलेले भाऊबंद. पण तोवर पूर्ण मात्रा चालू होऊन चार आठवडे होत आलेले असतात. अधिक महिना मधे आला नाही तर ८४ दिवस संपतात ते नरकचतुर्दशीच्या अलीकडे-पलीकडे.

आणि इथेच दुसरी मोठी चूक: 'सिगारेट सुटली, आता गोळी कशाला?' चवथीनंतर, सहाव्या आठवड्यात, हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. तलफ गेली ती गोळीने जागा अडवल्यामुळे. जागा मोकळी केली की तलफ परत यायला वाट मिळते. बारा आठवडे म्हणजे बाराच.

घेण्याआधी डॉक्टरांना काय सांगायचं? मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो पहिला. ही गोळी यकृतात फारशी मोडत नाही, जवळजवळ जशीच्या तशी लघवीतून जाते. मूत्रपिंड मंद असेल तर ती अंगात साचते. जुना मधुमेह किंवा उतारवय असेल तर क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची, तपासणी आधी करून घ्यावी. मूत्रपिंडाचं काम फारच घटलेलं असेल तर मात्रा अर्ध्या मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांपुढे नेत नाहीत. फिट आल्याचा इतिहास, गरोदरपण, स्तनपान हेही सांगावं. अठराच्या आतल्यांना ही गोळी देत नाहीत. आणि चालू औषधांची यादी न्यावी. दम्यासाठी थिओफायलिन, रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन, मनाच्या आजारासाठी क्लोझापिन किंवा ओलान्झापिन चालू असेल तर धूर बंद झाल्यावर त्यांचा असर वाढू शकतो. तो व्हरेनिक्लिनमुळे वाढत नाही, सिगारेट सुटल्यामुळे वाढतो. इन्शुलिन घेणाऱ्याने साखर जरा वरचेवर तपासावी.

नेटवर शोधलं की भीती दाखवणाऱ्या दोन गोष्टी हमखास भेटतात. एक, मनावर परिणाम. अमेरिकेत औषध मान्य झालं २००६ साली, २००९ मध्ये त्यावर मनोविकारांबद्दल सर्वांत कडक चौकटीतला इशारा आला. तो २०१६ च्या डिसेंबरमध्ये काढला गेला, कारण त्याच वर्षी आठ हजारांहून अधिक लोकांवरची मोठी चाचणी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यातल्या निम्म्या लोकांना आधीपासून मानसिक आजार होता, तरी नकली गोळीपेक्षा गंभीर मानसिक त्रास लक्षणीय वाढलेला दिसला नाही. मात्र घरच्यांना रोग्याची वागणूक एकदम बदललेली वाटली तर गोळी थांबवून डॉक्टरांकडे जावं, हे अजूनही खरं. दोन, २०२१ मध्ये फायझरने 'चॅम्पिक्स' ही मूळ कंपनीची गोळी मागे घेतली, कारण तिच्यात एका नायट्रोसामाइनचं (कर्करोगाचा धोका वाढवू शकणाऱ्या रसायनांपैकी एकाचं) प्रमाण ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. ती तयार मालातली अशुद्धी होती. व्हरेनिक्लिन हे औषध बाद झालेलं नाही. उलट त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ते आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं.

त्याच चाचणीतले आकडेही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत एकही न ओढता राहिले ते व्हरेनिक्लिनवर २१.८ टक्के, ब्युप्रोपिऑन या सिगारेट सोडवणाऱ्या दुसऱ्या गोळीवर १६.२, अंगाला चिकटवायच्या निकोटीन पट्टीवर १५.७, नकली गोळीवर ९.४. दुपटीहून जास्त फायदा, पण जादू नव्हे. पाचातले जवळपास चार त्या फेरीत टिकले नाहीत, त्यांनी पुन्हा फेरी घ्यायला काहीच हरकत नसते.

ब्युप्रोपिऑनची गोळी: १५० मिलिग्रॅम, पहिले तीन दिवस एक, मग आठ तासांच्या अंतराने दोन, चावायची-फोडायची नाही. फिट येणाऱ्यांना वर्ज्य. रोज भरपूर पिणारा एकदम दारू तोडणार असेल तर त्यालाही वर्ज्य, आणि हे कोणी हलक्यात घेऊ नये. निकोटीन गम २ मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय मिळतो, पण लोक तो बबलगमसारखा चावतात, मग उचक्या आणि जळजळ. झणझणीत लागेपर्यंत चावून गालात दाबून ठेवायचा, झणझण गेली की पुन्हा चावायचा, असं अर्धा तास. तोंडात आंबट असेल तर निकोटीन शोषलं जात नाही. सोलकढी किंवा कोकम सरबत प्यायल्यावर पंधरा मिनिटं थांबावं. निकोटीन पट्टी आपल्या घामट हवेत सुटते. अंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून दंडावर तळव्याने दहा सेकंद दाबून धरावी, रोज जागा बदलून. व्हरेनिक्लिनसोबत ही निकोटीन पट्टी द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. दिल्यास मळमळ वाढू शकते.

चिठ्ठी छातीचे डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञ किंवा घरचे डॉक्टरही देऊ शकतात. म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात, नाहीतर बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात विचारणा करावी. फोनवर समुपदेशन फुकट आहे: १८००-११-२३५६, सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद. हा नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, त्यामुळे शोधायला वेळ जात नाही. चाराच्या चहाला हात खिशाकडे जातो त्याचं काय करायचं, हे गोळी सांगत नाही. फोनवरचा माणूस सांगतो.

साठवण: पावसाळ्यात गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरू नयेत, उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नयेत.

शेवटची गोळी कोणत्या आठवड्यात संपते ते पंचांगात आधीच बघून ठेवावं. श्रावणात सुरू केलेल्याची ती नरकासुराच्या रात्रीजवळ संपते, म्हणजे वाड्यावरची पोरं पहाटेपर्यंत जागी, ढोल, धूर आणि हातोहात फिरणारं पाकीट. गोळी बंद झाल्यावर थोड्या लोकांना चिडचिड आणि ओढ परत जाणवते. अशी धास्ती असेल तर अकराव्या आठवड्यातच डॉक्टरांना भेटावं: मात्रा हळूहळू उतरवता येते, किंवा सिगारेट सुटलेली असेल तर आणखी १२ आठवडे त्याच मात्रेवर राहता येतं. त्यासाठी एक मिलिग्रॅमच्या १६८ गोळ्या लागतील, फार्मसीवाल्याला आठवडाभर आधी सांगावं.