गाभण गाई घेताना विण्याची तारीख लिहून घ्या: न्यूझीलंडमधला माझा अनुभव

न्यूझीलंडमध्ये डेअरीवर कामाला येणारी आपली पोरं आता बरीच दिसतात. काही वर्षं पगारावर धारा काढायच्या, मग काँट्रॅक्ट मिल्किंग, म्हणजे मालकाच्याच गाई ठरलेल्या दरानं दुहायच्या, आणि त्यानंतरची पायरी म्हणजे फिफ्टी-फिफ्टी शेअरमिल्किंग. जमीन मालकाची, गाई आपल्या, दुधाचे पैसे निम्मे-निम्मे. इथल्या कित्येकांनी याच वाटेनं पुढे स्वतःची जमीन केली. पण गाई घेताना सगळी बचत आणि वर बँकेचं कर्ज एकाच व्यवहारात घालावं लागतं, आणि लबाड माणूस तिथेच टपून असतो. मला तो भेटला देशाच्या दक्षिण टोकाला, साउथलंडमध्ये, 2023 च्या मे महिन्यात.

गावाकडच्या बाजारात आपण दात बघतो, कास चाचपतो, जमलं तर धार काढून बघतो. इथे ती सोयच नाही. बहुतेक गाई गवताच्या हंगामाच्या बेतानं एकाच वेळी, जुलै-ऑगस्टमध्ये वितात. कळप हलतात ते 1 जूनच्या आसपास, त्याला मूव्हिंग डे म्हणतात. तेव्हा सगळ्या गाई आटवलेल्या असतात. आटलेल्या कासेवरून कोण काय सांगणार? म्हणून भाव ठरतो कागदावर. ब्रीडिंग वर्थचा, म्हणजे वंशाच्या गुणवत्तेचा आकडा, दुधाची तपासणी, सोमॅटिक सेल काउंट (तो जास्त म्हणजे कासदाहाची शंका) आणि सगळ्यात वर, ती विणार कधी. दर सांगतात तो जीएसटी सोडून, त्यावर 15 टक्के वेगळे धरायचे.

एप्रिलच्या 30 तारखेपासून न्यूझीलंडनं जहाजानं जिवंत जनावरं बाहेर पाठवणं बंद केलं होतं. त्याआधी चीनला कालवडी चांगल्या भावानं जायच्या. माझ्या दलालानं हाच धागा पकडला. "निर्यात बंद, बाजारात माल पडून आहे, आत्ता घेतल्यास तर स्वस्तात मिळतील. पुढच्या वर्षी हा भाव नाही." त्यानं 42 गाई दाखवल्या, एकाच कळपातल्या म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या, फ्रिजियन वळूचं कृत्रिम रेतन, 5 ऑगस्टपासून विणार. भाव गाईमागे 1,750 डॉलर. बिल कंपनीमार्फत नको, थेट दे, तुझी दलाली वाचेल, असंही वर सांगितलं. ट्रक भरण्याआधी पूर्ण पैसे. नेहमीच्या व्यवहारात एजंटची कंपनी मध्ये असते आणि गाई आल्यावर पैसे भरायला काही दिवसांची मुदत मिळते. म्हणजे थेट व्यवहारात वाचला तो त्याचा धोका.

त्यानं दिलेल्या कागदावर पशुवैद्याचा शिक्का होता आणि प्रत्येक नंबरापुढे 'गाभण'. खोटं त्या शब्दात नव्हतंच. साधारण सहा ते बारा आठवड्यांच्या गर्भाचं स्कॅनिंग केलं तर त्याचं वय कळतं आणि विण्याची तारीख काढता येते. उशिरा तपासलं तर गाय गाभण आहे एवढंच कळतं. हा कागद एप्रिलचा होता. पाच ऑगस्ट ही तारीख फक्त त्याच्या तोंडी होती.

ट्रक संध्याकाळी आला. सकाळी गाई वाड्यातून सोडताना मी एकेकीचे कान बघत होतो. सात-आठ जणींच्या कानात मोठा नंबरी बिल्ला कोरा करकरीत, भोवतीची कातडी लालसर, आणि शेजारी जुन्या बिल्ल्याचं भोक, कडेला खपली धरलेलं. एक गाय तीन सडांची निघाली, चौथा सड कडक. तेव्हाच पाणी कुठे मुरतंय ते कळलं.

नंतर NAIT वर नोंदी बघितल्या. ही इथली जनावरांचा माग ठेवणारी, कायद्यानं सक्तीची नोंदव्यवस्था. गुरं एका शेतावरून दुसऱ्या शेतावर गेली की देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं, दोघांनीही 48 तासांत नोंद करायची असते. 2017 मध्ये मायकोप्लाझ्मा बोविसचा रोग सापडला, तेव्हा कित्येक नोंदीच नव्हत्या म्हणून माग काढताना सरकारची दमछाक झाली. पुढच्या वर्षी रोग समूळ काढायचा निर्णय झाला आणि दीड लाखाच्या वर गुरं मारावी लागली. तेव्हापासून या नोंदीबाबत कडक आहेत. माझ्या गाई तीन वेगवेगळ्या शेतांच्या नंबरावरून आलेल्या दिसत होत्या. एक कळप म्हणाला होता! आणि सहा गाईंचे नंबर पशुवैद्याच्या कागदावर कुठेच नव्हते. मी नंबर जुळवायला बिल्ल्यांची यादी आधी मागितली होती. "ट्रकसोबत येईल" असं उत्तर आलं होतं.

त्या सहा भाकड निघाल्या. सतरा गाई सप्टेंबर संपता संपता आणि ऑक्टोबरात व्यायल्या. वासरं बघायला गेलो तर पांढऱ्या तोंडाची! फ्रिजियनचं रेतन म्हणे. हंगामाच्या शेवटी मोकळ्या सोडलेल्या हिअरफर्ड या पांढऱ्या तोंडाच्या जातीच्या वळूची ती पैदास, बाकी काही पुरावा लागत नव्हता.

उशीर म्हणजे किती नुकसान, हे गावी बसलेल्याला पटकन उमगत नाही. ताजी व्यायलेली गाय दिवसाला पावणेदोन-दोन किलो घनपदार्थ देते, म्हणजे फॅट आणि प्रोटीन मिळून, आणि इथे पैसे त्याच किलोवर मिळतात. दीड महिना गेला की ऐंशी किलोच्या आसपास गेले. त्याच ऑगस्टमध्ये फोंटेरानं, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या दूध सहकारी कंपनीनं, या किलोच्या भावाचा अंदाज 7 डॉलरवर आणि मग 6.75 वर आणला होता. तरी एका गाईमागे दुधाचे पाचशेच्या वर डॉलर बुडाले, शेअरमिल्किंगमध्ये त्यातले निम्मे आपले. शिवाय पुढचं रेतन ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होतं. ऑक्टोबरात व्यायलेली गाय तोवर माजावर येत नाही, म्हणजे पुढच्या वर्षीही ती मागेच किंवा रिकामी. इथे उशिराची गाय उशिराचीच राहते. म्हणून जाणते शेतकरी अशा गाई मे महिन्यात कळपातून काढतात, आणि त्या विकत घेणारा कोणीतरी नवखा शोधायचा असतो.

दलालाचा फोन आधी उशिरा लागायचा, मग लागेनासाच झाला. त्याच्या कंपनीनं हात वर केले: हा व्यवहार आमच्या वहीत नाही. कॉन्ट्रॅक्ट अँड कमर्शियल लॉ अॅक्ट 2017 प्रमाणे खोटी माहिती देऊन विकलं तर भरपाई मागता येते. वकिलाची नोटीस गेल्यावर भाकड सहांपुरती थोडी रक्कम आली. उशिराच्या सतरांचं काहीच नाही, कारण 5 ऑगस्ट ही तारीख मेसेजमध्येसुद्धा नव्हती, सगळं फोनवर. भाकड गाई खाटिकखान्याच्या भावानं गेल्या, आठ-नऊशे डॉलरला एक.

तुम्ही घेणार असाल तर बिल्ल्याच्या नंबरासकट स्कॅनिंगची यादी थेट पशुवैद्याकडून मागवा, विकणाऱ्याच्या संमतीनं ते देतात. करारात विण्याच्या तारखेची हद्द घाला आणि त्यानंतर व्यायलेल्या गाईमागे किती डॉलर कापायचे तेही लिहा. मिंडा (MINDA) या कळपाच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरवरच्या नोंदी पैसे देण्याआधी डोळ्यांनी बघा, नंतर पाठवतो म्हणाला तर उठून या. पैसे कंपनीच्या खात्यात, गाई उतरल्यावर. मी पुढच्या वर्षी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून वीस गाई घेतल्या. तारखेचं कलम वाचून त्यानं एवढंच विचारलं, "15 सप्टेंबर कशाला, 1 लिही की."