आहेराचा सूटपीस: किनारीवरचं नाव आणि डब्यातलं कापड

लग्नात आलेला सूटपीस आधी डब्यावरून जोखला जातो, मग किनारीवरून. कापडाला हात सगळ्यात शेवटी लागतो. डबा व्याह्यांच्या हातात आला की घडीचा कोपरा उलटवून किनारीवर काय छापलंय ते बघतात. तिथे 'रेमंड' दिसलं की मानपान नीट झालं. बाकीच्या नावांची, म्हणजे सियाराम, विमल, दिग्जाम, ओसीएम यांची उतरंड घरागणिक वेगळी. रेमंडचा दबदबा आपल्याकडे जुना आहे, कारण ही गिरणी ठाण्याची: 1925 ची, मुळात लोकरी कापडाची. मुंबईत बॅलार्ड इस्टेटला त्यांचं स्वतंत्र दुकान 1958 मध्येच निघालं होतं.

पण किनारीवरचं नाव गिरणीचं असतं, धाग्याचं नाही. एकाच नावाखाली पॉलिस्टर-व्हिस्कोस हे कृत्रिम धाग्यांचं कापडही विकलं जातं आणि निव्वळ लोकरही, आणि दोन्हींच्या दरात काही पटींचा फरक असतो. आहेराच्या डब्यात बहुतेक वेळा पहिलंच निघतं. दुकानदार त्याला टी.आर. म्हणतात. त्यावरची पायरी टेरीवूलची, म्हणजे पॉलिस्टर आणि लोकर. सगळ्यात वर ऑल वूल. घेताना नाव न विचारता मिश्रणाचे टक्के विचारा आणि ते बिलावर लिहून घ्या.

किनारीवर 'सुपर 120' असं काही असेल तर जास्तच सावध. हा आकडा लोकरीच्या तंतूची बारीकी सांगतो: सुपर 100 म्हणजे तंतू जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉन जाडीचा, सुपर 120 म्हणजे 17.75. पॉलिस्टर-व्हिस्कोसवर तो छापलेला असेल तर ती निव्वळ सजावट. आणि अस्सल लोकरीतही आकडा मोठा म्हणजे कापड टिकाऊ, असं नाही. सुपर 150 दिसतं रेशमासारखं, पण रोज ऑफिसला घातलं तर मांड्यांत लवकर विरतं. रोजच्यासाठी 100 ते 120 पुरे.

खात्री करायची तर कापलेल्या कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा ओढून काढा. दोन्ही काढायचे, कारण कधी कधी उभा एक आणि आडवा दुसराच असतो. चिमट्यात धरून पेटवा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. व्हिस्कोस कागदासारखं भुरकन जळतं. टेरीवूलमध्ये वास केसाचा येतो, पण टोकाला कडक गाठ राहते.

दुसरी चाचणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर होते. तीन मीटरचा पीस डब्यातून काढून तोला. साडेसातशे ग्रॅम भरला तर मीटरला 250 ग्रॅम, म्हणजे आपल्या हवेला योग्य. किलोच्या पुढे गेला तर तो नाशिकच्या डिसेंबरात चालेल. मे महिन्यात पंख्याच्या हॉलमध्ये नवरदेवाचे हाल. मोकळ्या विणीची हलकी लोकर टी.आर.पेक्षा कमी घामाघूम करते, हे बऱ्याच जणांना पटत नाही. लोकर म्हणजे ऊब हे समीकरण डोक्यात पक्कं बसलंय.

मापात डब्याची लबाडी असते. 58 इंची पन्ह्यात पँटला 1.20 मीटर देतात. सीट 42 च्या वर गेली की ते अपुरं पडतं, 1.40 तरी लागतं. दोन तुकड्यांच्या सूटला 3 मीटर, सहा फुटी माणसाला 3.25, जाकीट हवं तर 3.75. चौकड्या जुळवायच्या तर पाव मीटर जास्त. शर्टपीस 36 इंची पन्ह्याचा असेल तर सव्वादोन मीटर बघून घ्या. सुती शर्टपीस शिवण्याआधी दोन-तीन तास साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. लोकर भिजवायची नाही, टेलरला वाफेची इस्त्री मारायला सांगा.

डबा तीन लग्नं फिरून आलेला असेल तर कापड घडीवर उजेडात धरा. शर्टपीसवर पिवळट पट्टा आणि लोकरीला कसर, हे दोन्ही घडीतच सापडतात.

खरा घोटाळा शिलाईत होतो. कोटाच्या छातीत आतून कॅनव्हास, म्हणजे आकार धरणारा सुटा थर, घालायचा की फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारा थर, चिकटवायचं, हे कापड देतानाच ठरवा. फ्युजिंग स्वस्त पडतं. पण ते मशीनच्या दाबाखाली न चिकटवता हातइस्त्रीने उरकलं, तर दोन-चार ड्रायक्लीननंतर छातीवर फोड येतात आणि ते पुन्हा बसत नाहीत. तयार कोट तपासायचा तर खालच्या काजाजवळ वरचं आणि आतलं कापड वेगवेगळ्या चिमटीत धरून अलगद ओढा. मध्ये तिसरा थर सुटा सरकला तर कॅनव्हास. पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच माया, म्हणजे जादा कापड, ठेवायला सांगा. टी.आर.वर थेट इस्त्री फिरवली की सीटला चकाकी येते, म्हणून वर ओला रुमाल.

आता लेबलं. रेडिमेड कोटाच्या बाहीवर मनगटाशी टाचलेली पट्टी दुकानातल्या ओळखीसाठी असते. ती काढायची. आपल्याकडे ती मुद्दाम ठेवून मिरवतात, फोटोत नेमकी हार घालताना दिसते. मागच्या चिरेवरची फुलीसारखी टीपही उसवायची, नाहीतर खुर्चीत बसताना चीर फाटते. कापडाबरोबर मिळणारी विणलेली पट्टी मात्र आतल्या खिशाखाली शिवून घ्या. आणि टेलरकडून किनारीसकट उरलेला वीतभर तुकडा मागून घ्या. पुढे रफू करायची वेळ आली तर हुबेहूब रंगाचा धागा त्यातूनच निघतो.