कपाशीची उधारी आणि ड्रूल्सचा तक्ता

जळगाव एमआयडीसीत ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत मी चौदा वर्षं डीलरांची उधारी सांभाळते. कोणाला किती दिवसांची मुदत, किती सूट, कोणाचा माल थांबवायचा हे आमच्याकडे चार ठिकाणी लिहिलेलं होतं: बिलिंगच्या प्रोग्रॅममध्ये, माझ्या एक्सेलमध्ये, शाखेच्या भिंतीवरच्या कागदावर आणि विक्रीच्या साहेबांच्या डोक्यात.

एका मे महिन्यात शिरपूरच्या डीलरची गाडी भरून गेटवर तीन तास उभी राहिली. शाखेने ६० दिवस कबूल केले होते, बिलिंग ४५ वर अडलं होतं. तिकडे बागायती कपाशीची लागवड खोळंबली होती. त्या डीलरला फोनवर काय सांगावं, हे मला सुचेना.

त्यानंतर आम्ही ड्रूल्स घेतलं. हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, परवान्याचे पैसे नाहीत. नियम बिलिंगच्या प्रोग्रॅममधून काढून एका जागी ठेवायचे, आणि बिलिंग असो की शाखेचं मोबाइल अ‍ॅप, सगळ्यांनी तिथेच विचारायचं, एवढंच त्याचं काम. आता दीड वर्ष झालं.

मला सगळ्यात आवडला तो निर्णयाचा तक्ता. डावीकडे अटी, उजवीकडे निर्णय, एक ओळ म्हणजे एक नियम. आधी आम्ही एक्सेलमध्ये तक्ते केले. चाचणीतच दिसलं की एका बिलाला दोन ओळी लागू पडल्या तर दोन्ही चालतात. हंगामी सूट आणि जुन्या डीलरची सूट एकावर एक बसली. मग ड्रूल्समध्येच चालणाऱ्या डीएमएन पद्धतीच्या (निर्णय मांडायची एक ठरलेली, प्रमाण पद्धत) तक्त्यांवर आलो. तिथे तक्त्याच्या कोपऱ्यात ‘यू’ लिहिलं की एका प्रसंगाला एकच ओळ लागू पडली पाहिजे. दोन पडल्या तर चूक दाखवतं. त्या एका अक्षराने आमच्या नियमांतली अकरा भांडणं बाहेर काढली. त्यातली काही मीच वर्षानुवर्षं फोनवर मिटवत आले होते. ती कागदावर बघून वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

खरी परीक्षा २२ सप्टेंबर २०२५ ला झाली. ठिबक संचावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, पीव्हीसी पाइप १८ वरच राहिला. ड्रूल्सच्या नियमाला ‘या तारखेपासून लागू’ असं लावता येतं, पण ते आजची तारीख बघतं. २२ तारखेनंतर परत आलेल्या जुन्या मालाची क्रेडिट नोट (डीलरच्या खात्यात रक्कम परत जमा करायचा कागद) मात्र मूळ बिलाच्याच दराने करायची असते. म्हणून आमच्या प्रोग्रॅमरने मूळ बिलाची तारीख हाच अटीचा एक रकाना केला. तुम्ही घेणार असाल तर हे पहिल्याच दिवशी करा.

अवघड काय? जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा येणारा माणूस लागतोच. तक्त्यातले आकडे मी बदलते, पण नवा रकाना हवा असेल तर त्याच्याकडे जावं लागतं. आकडा बदलला की जुनी पन्नास बिलं पुन्हा चालवून निकाल ताडायची शिस्त आम्ही लावून घेतली आहे. तिच्याशिवाय मी कुणाला तक्त्याला हात लावू देत नाही. दोन-तीन डीलर आणि चारच नियम असतील, तर मात्र एवढ्या खटाटोपाची गरज नाही. एक वही पुरे.

कपाशीच्या डीलरांची मुदत आता पिकाप्रमाणे लिहिली आहे: मे-जूनचा माल, पैसे दिवाळीनंतर. शिरपूरच्या शाखेत अ‍ॅपवर आणि माझ्या पडद्यावर एकच आकडा दिसतो. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा तिकडचे भाऊ फोनवर एवढंच म्हणाले, “हाई बरं शे, ताई.”

रावेर-यावलच्या केळीचा तक्ता अजून बाकी आहे. तिथे पैसे घड कापल्यावर येतात आणि लागवड कोणत्या महिन्यातली यावर सगळं अवलंबून असतं, त्यामुळे तिथल्या तीन डीलरांना पुढच्या आठवड्यात समोर बसवून एकेक ओळ लिहून घेणार आहे.