घोडीच्या पॉलिसीतून ‘पुढचे दोन्ही पाय’ वगळले होते. ती अट कशी काढून घेतली आणि नंतरचा अनुभव

आमची हेझल म्हणजे वेल्श कॉब जातीची कुमैत घोडी. इथे इंग्लंडमध्ये, यॉर्कशरला, लेकीच्या रायडिंगसाठी घेतली आणि घराजवळच्या यार्डात, म्हणजे तबेल्यात, भाड्याने ठेवली आहे. तिची ही पॉलिसी आम्ही काही वर्षं चालवतोय. आजारामागे 5,000 पाउंडांपर्यंत उपचारखर्च, मृत्यू, चोरी आणि तिच्यामुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली तर त्याची भरपाई, एवढं पॉलिसीत येतं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण ही गोष्ट कुठल्याही कंपनीत होऊ शकते. विम्यातून वगळलेली गोष्ट परत आत आणता येते, हे यार्डातल्या अनेक जुन्या घोडेवाल्यांनाही माहीत नव्हतं. म्हणून सविस्तर लिहितेय.

चिखलाच्या दिवसांत हेझलच्या डाव्या पुढच्या खुरात गळू झालं. तळव्याच्या कडेच्या पांढऱ्या रेषेतून जंतू आत शिरतात, पू साठतो, आणि खुराची भिंत टणक असल्यामुळे त्याला फुगायला जागाच मिळत नाही. काल चांगला चालणारा घोडा आज तो पाय जमिनीला टेकवत नाही; बघणाऱ्याला हाडच मोडलं असं वाटतं. पशुवैद्यांनी नाल काढून तळवा कोरला, पू बाहेर काढला, रोज पोटीस बांधायला सांगितलं. पुढे एकदा तपासायला आले, आणि नालबंदाने नाल परत ठोकल्यावर चाल बघायला आणखी एकदा. घोडी ठणठणीत झाली. क्लेम केला, पैसे मिळाले. तिथवर तक्रारीला जागा नव्हती.

नूतनीकरणाच्या कागदांत मात्र नवी ओळ आली. पुढच्या दोन्ही पायांचे खूर, त्यांचे सगळे विकार आणि त्यातून येणारं लंगडेपण यापुढे विम्याबाहेर. मुदत नाही, फेरविचाराची तारीख नाही. ज्यांच्याकडे घोडा नाही त्यांना या ओळीचं वजन कळणार नाही. घोड्याच्या अंगाचा साधारण 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो, आणि लंगडेपणाची बहुतेक प्रकरणं तिथेच सुरू होतात. खुरातल्या नॅव्हिक्युलर या छोट्या हाडाचं दुखणं निघालं की नर्व्ह ब्लॉक (दुखरी जागा शोधायला पाय बधिर करून घेतलेली चाचणी), एक्स-रे, एमआरआय असा खर्च चढत जातो. विमा घेतो तो याच खर्चासाठी. हप्ता एका पेनीने कमी झाला नव्हता, त्यावर 12 टक्के कर होताच. उजव्या खुराला तर कधी काही झालंच नव्हतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसा तो उजवा पाय गेला.

फोनवर ‘हा अंडररायटरचा निर्णय आहे’ एवढंच उत्तर मिळालं; अंडररायटर म्हणजे जोखीम तोलून विम्याच्या अटी ठरवणारा कंपनीचा माणूस. म्हणून सगळं ईमेलवर घेतलं. आमच्याविषयी आणि घोडीविषयी कंपनीकडे जी माहिती आहे तिची प्रत मागितली. ही मागणी फुकट करता येते आणि साधारणपणे महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. ती प्रत आली आणि खरं कारण उलगडलं. पशुवैद्यांच्या तीन भेटी कंपनीने लंगडेपणाच्या तीन वेगळ्या घटना म्हणून नोंदवल्या होत्या. दुसऱ्या भेटीच्या टिपणात ‘किंचित लंगडी, सुधारतेय’ असं होतं, तिसऱ्यात ‘चाल स्वच्छ’. हे एकाच दुखण्याचं बरं होणं होतं, आणि कागदावर त्याचा वारंवार उद्भवणारा विकार झाला होता. मला राग आला तो याचाच. ज्यांनी टिपणं नीट लिहिली, त्यांच्याच टिपणांवरून असा निष्कर्ष काढला गेला.

मग पशुवैद्यांकडून पत्र घेतलं. त्याची फी पडते, ती द्यावी. मात्र ‘घोडी बरी आहे’ असं मोघम पत्र उपयोगाचं नाही. आमच्या पत्रात चार गोष्टी स्पष्ट होत्या. गळू एकदाच झालं. तिन्ही भेटी त्याच्याच होत्या. कडक जमिनीवर दुडकी चालवून आणि पाय दुमडून घेतलेल्या चाचणीत दोन्ही पुढचे पाय निर्दोष आहेत. आणि या गळवाचा खुराच्या इतर विकारांशी संबंध नाही. नालबंदानेही दोन ओळी लिहून दिल्या. इथे नोंदणीशिवाय नालबंदाचं काम करता येत नाही, त्यामुळे त्या शब्दाला वजन असतं. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कोरलेला भाग वाढून बाहेर गेला आहे आणि खाली निरोगी खूर आहे, असं त्याने लिहिलं.

हे सगळं जोडून ‘तक्रार’ हा शब्द वापरून पत्र पाठवलं. शब्द महत्त्वाचा, कारण तक्रार म्हटलं की कंपनीला अंतिम उत्तरासाठी आठ आठवडे मिळतात. त्यानंतर, किंवा उत्तर पटलं नाही तर सहा महिन्यांच्या आत, फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे वित्तीय कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, फुकट जाता येतं. कुठली जोखीम घ्यायची हे कंपनीच ठरवते आणि ऑम्बुड्समन त्यात सहसा पडत नाही, पण निर्णय चुकीच्या माहितीवर झाला का, ग्राहकाला न्याय्य वागणूक मिळाली का, हे बघतो. म्हणून ‘हप्ता परवडत नाही’, ‘आम्ही जुने ग्राहक’ यातलं काही लिहिलं नाही. नोंद चुकली आहे, एवढाच मुद्दा धरला. जुलै 2023 पासून लागू झालेल्या कन्झ्युमर ड्यूटीचा, म्हणजे वित्तीय कंपन्यांनी ग्राहकाचं हित जपावं या नियमाचा, उल्लेखही केला.

ऑम्बुड्समनपर्यंत जावं लागलं नाही. उजवा पाय पूर्ण परत मिळाला. डाव्या पायापुरतं ‘खुरातलं गळू’ एवढंच बाहेर राहिलं, तेही फेरतपासणीपर्यंत. उन्हाळ्यात पशुवैद्यांचं नवं टिपण पाठवल्यावर तेही निघालं. इथे एक गोष्ट आवर्जून बघा: बदल नूतनीकरणाच्या तारखेपासून लागू आहे की पत्राच्या तारखेपासून? आम्हाला आधी पत्राची तारीख दिली होती. त्याने मधले महिने उघडे पडले असते. पुन्हा लिहून ती नूतनीकरणाच्या तारखेपर्यंत मागे नेऊन घेतली आणि नवीन सर्टिफिकेट हातात आल्यावरच विषय सोडला.

त्यानंतर एक क्लेम झाला, डोळ्याच्या बुबुळावरच्या जखमेचा. ऑनलाइन अर्ज सोपा, दवाखान्याशी कंपनीचं थेट बोलणं झालं, ठरलेली वजावट (बिलातला आमच्या वाट्याचा भाग) आम्ही भरली आणि बाकीचे पैसे परस्पर दवाखान्याला गेले. क्लेम विभागाला मी मनापासून चांगलं म्हणेन. नूतनीकरणाच्या वेळी होणारी छाननी मात्र निष्काळजी आहे, आणि वाईट याचं की वर त्याचं कारणही स्वतःहून सांगत नाहीत.

कंपनी बदलली असती का? नाही. नवीन कंपनी जुनी दुखणी बहुधा आधीच बाहेर ठेवते, आणि अनेक पॉलिसींत पहिले 14 दिवस आजाराला संरक्षणही नसतं. रागाच्या भरात बदलणाऱ्यांचं त्यातच नुकसान होतं. घोडा म्हातारा असेल आणि वगळलेल्या गोष्टींची यादी खरोखरच्या आजारांनी भरली असेल, तर वेगळा हिशेब करा: उपचारासाठी दरमहा पैसे बाजूला टाका आणि इतरांच्या इजेची जबाबदारी तेवढी विम्यात ठेवा. ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या गोल्ड सदस्यत्वात ते संरक्षण मिळतं.