आधी 'भांडवल' की आधी छोटं व्याख्यान? मार्क्सच्या अभ्यासमंडळाने सुरुवात कुठून करावी

मार्क्सचं अर्थशास्त्र मिळून वाचायचं ठरलं की पहिला वाद मूल्यसिद्धान्तावर होत नाही, कुठलं पुस्तक आधी घ्यायचं यावर होतो. काहींना थेट 'भांडवल'चा पहिला खंड हवा असतो, पान पहिल्यापासून. काहींना आधी 'मूल्य, किंमत आणि नफा' हे मार्क्सचंच छोटं व्याख्यान बरं वाटतं. नोकरी सांभाळून संध्याकाळी जमणाऱ्या मिश्र मंडळाला मी व्याख्यानच सुचवेन. अर्थशास्त्र शिकलेल्यांचं मंडळ असेल, तर मात्र माझं उत्तर वेगळं आहे.

व्याख्यान १८६५च्या जूनमध्ये लंडनला, पहिल्या इंटरनॅशनलच्या (कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) जनरल कौन्सिलपुढे झालं. जॉन वेस्टन नावाच्या सुतार सभासदाचा दावा होता की मजुरी वाढली की भाव वाढतात, म्हणून पगारवाढीसाठी भांडण्यात अर्थ नाही. किमान वेतनाचा विषय निघाला की हाच मुद्दा आजही कुणीतरी हमखास काढतो, त्यामुळे मंडळातल्या प्रत्येकाचं यावर आधीपासून काहीतरी मत असतं. ही मोठीच सोय आहे. मार्क्सचं उत्तरही हवेत नाही. १८४९ ते १८५९ या दहा वर्षांत ब्रिटनमध्ये शेतमजुरी सरासरी ४० टक्के वाढली, तरी गव्हाचा सरासरी भाव आधीच्या दशकापेक्षा १६ टक्क्यांहून जास्त उतरला, असा दाखला तो देतो. त्यानंतरचं गणित पाटीवर मांडता येतं. सहा तासांच्या श्रमाचं मूल्य तीन शिलिंग आणि मजुराची रोजची गरजही तेवढीच. पण मजूर राबतो बारा तास. उरलेल्या सहा तासांचं मूल्य, म्हणजे आणखी तीन शिलिंग, मालकाकडे जातं. वरकड मूल्य काय ते इथे एका बैठकीत कळतं. 'भांडवल'मध्ये तिथवर पोहोचायला कित्येक बैठका जातात.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. वरकड मूल्याची भाडं, व्याज आणि औद्योगिक नफा अशी वाटणी कशी होते, ते या छोट्या मजकुरात थोडक्यात येतं. 'भांडवल'मध्ये ते सविस्तर येतं तिसऱ्या खंडात. तो खंड मार्क्सचा सहकारी एंगल्स याने १८९४मध्ये काढला, मार्क्सच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी. पहिल्या खंडावर थांबणाऱ्या मंडळाच्या (आणि बहुतेक मंडळं तिथेच थांबतात) हाती हा धागा लागतच नाही.

व्याख्यानाच्या मर्यादाही मोठ्या आहेत. क्रयवस्तूची (विकण्यासाठी बनवलेल्या वस्तूची) जादू, म्हणजे माणसामाणसांतले संबंध वस्तूंमधले संबंध म्हणून कसे दिसू लागतात, हा भाग त्यात नाही. यंत्रांवरचा तो अवाढव्य भाग नाही. वस्तू सरासरी आपल्या मूल्याला विकल्या जातात हे गृहीत धरून सगळी मांडणी केली आहे. कुणीतरी चाणाक्ष सभासद दुसऱ्याच बैठकीत म्हणतो, ‘पण बाजारात तसं कुठे होतं?’ याचं उत्तर तिसऱ्या खंडात आहे, आणि त्या उत्तरावर अर्थतज्ज्ञ बोर्टकिएविचच्या १९०७च्या टीकेपासून आजतागायत वाद चालू आहे. मंडळाला याच वादात उतरायचं असेल, नफ्याचा दर घसरत जातो या मार्क्सच्या म्हणण्यावरचं जपानी अर्थतज्ज्ञ ओकिशिओचं १९६१चं प्रमेय तपासायचं असेल, तर व्याख्यानावर वेळ घालवू नका. पहिला खंड ओळीने वाचा आणि तिसऱ्याकडे जा. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगेन.

आता पहिला खंड. हॅम्बुर्गला १८६७मध्ये निघालेल्या या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच मार्क्सने बजावलं आहे की सुरुवातीचं प्रकरण सगळ्यात अवघड जाईल. तसंच होतं. वीस यार्ड लिननचं कापड बरोबर एक कोट, या समीकरणाशी मंडळ आठवडेच्या आठवडे झगडतं आणि दर आठवड्याला एकेक खुर्ची रिकामी होते. मांडणी वाईट आहे असं मुळीच नाही. सगळी इमारत त्याच पायावर उभी आहे. पण पाया खणताना पाहायला माणसं फार वेळ थांबत नाहीत.

म्हणूनच तिसरी वाट, आणि तीही खुद्द मार्क्सची. १८६७च्या नोव्हेंबरमध्ये त्याने आपला डॉक्टर मित्र कुगेलमान याला पत्र लिहून त्याच्या पत्नीने आधी कोणते भाग वाचावेत ते सुचवलं: कामाचा दिवस, सहकार्य-श्रमविभागणी-यंत्रे आणि आदिम संचय (भांडवलाचा अगदी सुरुवातीचा साठा कसा जमला तो भाग). कामाच्या दिवसावरच्या प्रकरणात कारखाना निरीक्षकांचे अहवाल आहेत. सलग साडेसव्वीस तास शिवणकाम करून १८६३मध्ये मेलेली वीस वर्षांची मेरी अ‍ॅन वॉकली आहे. यंत्रांच्या प्रकरणात सरकी काढायची आपल्याकडची चरकीही भेटते: जुन्या चरकीवर एक पुरुष आणि एक बाई मिळून दिवसाला २८ पौंड कापूस साफ करत, तर डॉ. फोर्ब्सच्या सुधारित चरकीवर एक माणूस आणि एक पोरगा २५० पौंड. विदर्भ-खानदेशातला सभासद असेल तर ही बैठक त्याच्याकडेच द्या.

फ्रेंच तत्त्वज्ञ अल्थुसेर १९६९मध्ये याहून पुढे गेला आणि पहिल्या वाचनात पहिला विभाग (सुरुवातीची तीन प्रकरणं) पूर्ण सोडा म्हणाला. हे मला पटत नाही. सोडलेला भाग मंडळं नंतर उघडत नाहीत, आणि मग मार्क्स म्हणजे शोषणाची आकडेमोड एवढाच समज उरतो. त्यापेक्षा व्याख्यान आधी, मग कामाचा दिवस, आणि लोक रुळले की पहिल्या प्रकरणाकडे परत. मात्र परत कधी यायचं, ती तारीख सुरुवातीलाच ठरवून टाका. व्याख्यानाला महिना-दीड महिना पुरतो. पहिल्या खंडाला दर आठवड्याला बसूनही वर्ष अपुरं पडतं.

काही चुकायचंच असेल तर ते प्रकरणांच्या क्रमांकांत चुकतं. जर्मन आवृत्तीत २५ प्रकरणं आहेत, तर १८८७च्या इंग्रजी भाषांतरात फ्रेंच आवृत्तीच्या धर्तीवर ३३. त्यामुळे कामाचा दिवस एकाकडे आठवं प्रकरण, दुसऱ्याकडे दहावं. ते १८८७चं भाषांतर इंटरनेटवर फुकट मिळतं. बेन फोक्सचं १९७६चं इंग्रजी भाषांतर वाचायला सोपं, पण विकत घ्यावं लागतं आणि हजारावर पानांचं आहे. कुणाकडे कुठली प्रत आहे त्याची विचारपूस आधीच करा, आणि पुढचं वाचन कळवताना क्रमांकाऐवजी प्रकरणाचं नाव लिहा.